मुस्लिम मतांचा 'गठ्ठा' : एक तपासणी

निवडणूक आली की 'मुस्लिम गठ्ठा मते' हा शब्द आमच्या वाघोलीच्या चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. बागवान समाजातला एक विद्यार्थी मला म्हणाला, "सर, आम्ही मत देण्याआधीच लोक ते मोजून मोकळे होतात." महारवाड्यातून आलेल्या मला हे नवे नव्हते. आमचेही गठ्ठे असेच मोजले गेले आहेत. म्हणून हा गठ्ठा बांधला कोणी, हे तपासले पाहिजे.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९३२ मध्ये येथून काही मैलांवरील येरवडा तुरुंगात पुणे करार झाला; दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले, मुसलमानांचे राहिले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतातील तीसही मुस्लिम जागा लीगने जिंकल्या. त्यावरून 'सारा समाज लीगमागे' असा निष्कर्ष काढला जातो. पण तेव्हा मताचा हक्क मालमत्ता, कर व शिक्षणावर ठरत होता. बहुसंख्य गरीब विणकर, पिंजारी, खाटीक मतदार यादीतच नव्हते. ज्याला मतच नव्हते, त्याच्या नावावर फाळणीचा कौल मांडला गेला.

प्रौढ मताधिकारानंतर काय झाले, हे यंत्रमागांच्या मालेगावात पाहावे. समाजवादी निहाल अहमद तेथून अनेकदा आमदार झाले. मुफ्ती मोहम्मद इस्माईल २००९ मध्ये जनसुराज्यकडून जिंकले, २०१४ मध्ये राष्ट्रवादीकडून हरले, २०१९ मध्ये एमआयएमकडून पुन्हा जिंकले. २०२४ मध्ये त्यांचे मताधिक्य अवघे १६२ होते; समोरचा उमेदवारही मुसलमानच. धर्म दोन्हीकडे सारखा असला की मोमीन की दखनी, वीज, सुताचा भाव, मोहल्ला, नेत्याचे घराणे हेच बोलू लागते.

धर्माचा प्रभाव नाही, असे मला म्हणायचे नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर १९९५ मध्ये मुंबईतील अनेक मुसलमानांनी काँग्रेसकडे पाठ फिरवली. पण तेथे श्रद्धेपेक्षा भय व विश्वासघाताची भावना अधिक होती. जीव मुठीत धरलेला माणूस आपल्या माणसांजवळ सरकतो. आपल्या वस्त्यांना हे सांगायला नको.

२०१९ मध्ये औरंगाबादेत वंचित आणि एमआयएम एकत्र आले आणि लोकसभेची जागा ४,४९२ मतांनी जिंकली. विधानसभेपूर्वीच ती युती तुटली. दोन गठ्ठ्यांची बेरीज एका निवडणुकीपुरती जमते. पुढे टिकायला माणसांची ओळख लागते. मैला वाहणाऱ्या मुसलमान जाती १९५० च्या आदेशामुळे आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. त्यांचा प्रश्न आपण किती सभांत मांडला? तो मांडत नाही, तोवर त्यांच्या मतांना गठ्ठा म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.