भाऊबंदकी (नाटक) : सत्ताकांक्षा आणि स्त्रीपुरुष-भूमिका

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे ऐतिहासिक गद्य नाटक. ते १९०९ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेला खून, त्यामागे असलेला चुलते रघुनाथराव (राघोबादादा) यांचा पेशवेपदाचा हव्यास, त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्याकडे परंपरेने दिलेला वाटा आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दिलेला निकाल हा या नाटकाचा विषय आहे. ‘भाऊबंदकी’ म्हणजे एका कुळातील वाटेकऱ्यांचे वतनावरून किंवा हक्कावरून चालणारे वैर. शेताच्या बांधावरून दोन घरांत लागणाऱ्या भांडणालाही मराठीत हाच शब्द आहे, आणि राज्याच्या वारशाचा झगडा त्याच घरगुती शब्दात पकडण्यात नाटककाराची दृष्टी दिसते. मराठी शोकांतिकेत, म्हणजे नायकाच्या स्वभावातील दोषामुळे त्याचा अटळ नाश होतो अशा नाट्यप्रकारात, सत्तेची इच्छा पुरुषाची आणि दोष स्त्रीचा अशी वाटणी कशी झाली, हे पाहण्यासाठी या नाटकाइतके सोयीचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या कथेचा भूगोल पुण्याइतकाच नाशिक परिसराचा आहे. नाशिकहून येवल्यामार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विंचूर (ता. निफाड) हे पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव यांच्या घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते आणि त्यावरूनच हे घराणे विंचूरकर म्हणून ओळखले जाऊ लागले. विठ्ठल शिवदेव १७५७ च्या दिल्लीवरील स्वारीत रघुनाथरावांबरोबर होते आणि १७६१ च्या पानिपतच्या रणातून जिवंत परतलेल्या सरदारांपैकी एक होते. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे वारले आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. अटकेपर्यंत गेलेल्या फौजेचे नेतृत्व केलेल्या चुलत्याला पुतण्याच्या हाताखाली राहणे जड गेले आणि पुढची बारा वर्षे विंचूरकरांसारख्या सरदारांना एकाच घरातील दोन पक्षांत आपली बाजू पुन्हा पुन्हा ठरवावी लागली. १७६२ मध्ये रघुनाथराव पुणे सोडून नाशिकला आले, तेथून औरंगाबादकडे जाऊन त्यांनी निजामाची मदत मिळवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आळेगावच्या लढाईनंतर माधवरावांना त्यांच्यापुढे नमते घ्यावे लागले. १७६८ च्या जूनमध्ये पारडे फिरले. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेकडील धोडप किल्ल्यापाशी माधवरावांनी चुलत्याचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवराव वारले आणि धाकटे बंधू नारायणराव सतराव्या वर्षी पेशवे झाले.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे, कारण लोकांच्या आठवणीत त्यातले फारसे काही उरलेले नाही. उरला आहे तो एक वाक्प्रचार : ‘ध चा मा करणे’. गारद्यांना, म्हणजे पगारी शस्त्रधारी शिपायांना, रघुनाथरावांनी दिलेल्या लेखी हुकमात नारायणरावांना ‘धरावे’ असे होते आणि आनंदीबाईंनी पहिले अक्षर बदलून ते ‘मारावे’ केले, अशी ही आख्यायिका आहे. ‘धरावे’चे ‘मारावे’ व्हायला एक अक्षर फिरवावे लागते आणि त्यापुढे एक काना, म्हणजे एक उभी रेघ, ओढावी लागते. उरलेले ‘रावे’ जसेच्या तसे राहते. असे खाडाखोड केलेले मूळ पत्र उपलब्ध नाही. तरीही गोष्ट टिकली, कारण तिने दोन कामे एका फटक्यात साधली. बारा वर्षांच्या लढाया, निजामाशी केलेली संधाने आणि सरदारांची फोडाफोड यांतून दिसणारी पुरुषाची महत्त्वाकांक्षा तिने ‘केवळ धरण्याच्या’ मर्यादेत आणून सौम्य केली, आणि खुनाचा सगळा भार लेखणी हाती असलेल्या स्त्रीच्या एका रेघेवर टाकला. लिहिता-वाचता येणारी बाई संकट ओढवते, ही धास्तीही त्या रेघेत आहे. एकोणिसाव्या शतकात स्त्रीशिक्षणावर मराठीत जे वाद झाले त्यांच्या शेजारी ही आख्यायिका ठेवून वाचली की तिचे वजन कळते.

खाडिलकरांपुढे इतिहासाबरोबर शेक्सपिअरचा नमुनाही होता. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पिढीने त्याची नाटके मराठीत आणण्याचा सपाटा लावला होता : आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हे ‘हॅम्लेट’चे, देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’चे आणि शिवराम महादेव परांजपे यांचे ‘मानाजीराव’ हे ‘मॅक्बेथ’चे रूप होते. स्वतः खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या पहिल्याच नाटकात शेक्सपिअरच्या दोन शोकांतिकांची रचना पेशवाईच्या कथानकात मिसळली होती. ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईवर लेडी मॅक्बेथची छाया असल्याचे समीक्षेत वारंवार मांडले गेले आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

१६०६ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ‘मॅक्बेथ’मध्ये राजाच्या खुनाचा विचार पुरुषत्वाच्या व्याख्येत गुंतलेला आहे. मॅक्बेथची पत्नी अदृश्य शक्तींकडे मागणे मागते की तिचे स्त्रीपण काढून घ्यावे आणि तिच्या दुधाच्या जागी विष भरावे. नवरा कचरतो तेव्हा ती त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते. ‘लिंगभाव’ या संज्ञेने समाजशास्त्रात जे सुचवले जाते, म्हणजे पुरुषाने काय करावे आणि स्त्रीने काय करू नये यांविषयी समाजाने घालून दिलेल्या, देहापेक्षा रीतीवर उभ्या असलेल्या अपेक्षा, त्याच या नाटकात शस्त्र म्हणून वापरल्या जातात. मात्र खुनाचा मार्ग खुला करणारी ही स्त्री सत्ता हाती येताच बाजूला पडते. सहकारी सरदार बँको याला मारण्याचा बेत मॅक्बेथ तिला सांगतच नाही, आणि ती रंगमंचामागे मरते. या दांपत्याचे वारस राज्यावर बसणार नाहीत ही भविष्यवाणी मॅक्बेथला कुरतडत राहते. त्यांचा राजदंड वांझ आहे, आणि त्यांच्या क्रौर्याचे एक मूळ तेथे आहे.

नेमक्या याच ठिकाणी पेशवाईची कथा इंग्रजी नमुन्यापासून दूर जाते, आणि मराठी शोकांतिकेचे स्वतःचे सत्त्व तेथे आहे. मॅक्बेथची पत्नी मातृत्व टाकून सत्तेकडे जाते. पेशव्यांच्या घरातील स्त्रीला सत्तेकडे जाण्याचा रस्ता मातृत्वातूनच होता. रघुनाथरावांनी १७६८ मध्ये अमृतराव यांना दत्तक घेतले होते, पण पोटच्या मुलाची आस सुटली नव्हती. नाशिकजवळ गोदावरीकाठी जे गाव आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली म्हणून ओळखले जाते, तेथील नवश्या गणपतीची स्थापना या दांपत्याने मुलासाठी केलेल्या नवसातून झाली असे स्थानिक परंपरा सांगते. देवळाच्या नावातच तो नवस राहिला आहे. मुलगा, म्हणजे पुढचे दुसरे बाजीराव, जानेवारी १७७५ मध्ये धार येथे जन्मला. त्याआधीच समोरच्या पक्षाने तोच डाव खेळून जिंकला होता. नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाई गरोदर होत्या; सखारामबापू, नाना फडणीस आदी मुत्सद्द्यांच्या बारभाई मंडळाने त्यांना पुरंदरावर ठेवले, तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी त्यांना मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. फौजा, तह आणि खलबते यांच्या मध्यभागी एका विशीच्या आतबाहेरच्या विधवेचे बाळंतपण होते, ही गोष्ट राजकीय इतिहासात एका ओळीत उरकली जाते. तिच्या मनात काय चालले असेल, यावर एक वेगळी शोकांतिका उभी राहू शकली असती.

तिसरी स्त्री गोपिकाबाई. नानासाहेबांच्या पत्नी, माधवराव आणि नारायणराव यांच्या आई. मुलाच्या कारभारात त्यांनी लक्ष घातले, माधवरावांशी त्यांचे बिनसले आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या. १७८८ मध्ये नाशिकलाच वारल्या. गंगापूर आणि आनंदवल्ली ही गावे गोदावरीच्या एकाच काठावर एकमेकांच्या जवळ आहेत. खून झालेल्या पेशव्याची आई आणि त्या खुनाचा ठपका असलेली चुलती, दोघींची नावे राजधानीपासून दूर, नदीच्या त्याच पट्ट्यातल्या गावांना चिकटून राहिली. गोपिकाबाईंना परंपरेने करारी म्हटले आणि आनंदीबाईंना कारस्थानी. पाहिले तर दोघींनी वापरलेली साधने सारखीच होती : पत्रे, विश्वासू कारभारी, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या कानाशी असलेली जागा. विशेषण बदलले ते कोणाचा पक्ष जिंकला त्यावरून.

स्त्रीच्या हाती सत्ता येणेच त्या काळाला अमान्य होते, असे मात्र म्हणता येत नाही. विंचूरच्या उत्तरेस चांदवड येथे होळकरांचा रंगमहाल आहे. त्या घराण्याच्या अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत माळव्याचे राज्य चालवले. त्यांचा मुलगा मालेराव १७६७ मध्ये वारल्यावर दौलतीवर हक्क सांगायला फौज घेऊन निघालेली व्यक्ती रघुनाथराव हीच होती. बायकांशी लढून जिंकलात तर नाव नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा आशयाचा निरोप अहिल्याबाईंनी पाठवल्याचे सांगतात. त्या निरोपात पुरुषत्वाची तीच व्याख्या आहे जी मॅक्बेथची पत्नी नवऱ्यावर वापरते, पण येथे ती रक्तपात टाळण्यासाठी वापरली आहे. अहिल्याबाई स्वीकारल्या गेल्या त्याला त्यांची योग्यता कारण होतीच. शिवाय विधवेचे व्रतस्थ जीवन, दानधर्म आणि नवऱ्याच्या नव्हे तर सासऱ्याच्या दौलतीची सांभाळणूक ही चौकट त्यांच्याभोवती होती. आनंदीबाईंचा नवरा जिवंत होता, आणि जिवंत नवऱ्याच्या नावाने सत्ता मागणाऱ्या स्त्रीसाठी त्या समाजाकडे एकच भूमिका शिल्लक होती.

नाटकातील नैतिक केंद्र रामशास्त्री आहेत. देहान्त प्रायश्चित्त, म्हणजे ज्या पापाची फेड केवळ मरणाने होते असा धर्मशास्त्रीय निर्णय, ते गादीवर बसू पाहणाऱ्याला तोंडावर सुनावतात आणि पद सोडून जातात. हा प्रवेश मराठी रंगभूमीवरील अत्यंत गाजलेल्या प्रवेशांपैकी आहे. खाडिलकर लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ या पत्रातून पुढे आलेले होते. टिळक गायकवाड वाड्यात जाण्यापूर्वी पुण्याच्या सदाशिव पेठेतील विंचूरकर वाड्यात राहत आणि तेथूनच पत्राचा कारभार पाहत, त्या काळात खाडिलकर त्यांच्याजवळ आले. नाटक आले तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि सुरतेला काँग्रेस फुटून दोन वर्षे झाली होती. सत्तेला निर्भयपणे दोषी ठरवणारा न्यायाधीश आणि घरच्या फुटीने परक्याला दार उघडणारे कुटुंब या दोन्ही चित्रांत तेव्हाच्या प्रेक्षकाने आपला काळ पाहिला असल्यास नवल नाही. रघुनाथरावांनी १७७५ मध्ये सुरतेलाच इंग्रजांशी तह केला होता. परंतु रामशास्त्र्यांचा निकाल रघुनाथरावांवर आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शास्त्राने पुरुषाला दोषी ठरवले आणि लोकांनी स्त्रीला.

प्रयोगाच्या इतिहासातही हा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडमध्ये स्त्रीभूमिका मुलगे करीत. १९०९ च्या मराठी व्यावसायिक रंगभूमीवरही त्या पुरुषच करीत. स्त्रीने कसे नसावे हे दाखवणारी आनंदीबाई पुरुषाच्याच देहातून आणि आवाजातून आधी प्रेक्षकांपुढे आली. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगांत दुर्गा खोटे आनंदीबाई झाल्या आणि नानासाहेब फाटक राघोबा. वि. वा. शिरवाडकर यांचे बालपण विंचूरच्याच निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंत येथे गेले. त्यांनी ‘मॅक्बेथ’चे केलेले रूपांतर ‘राजमुकुट’ १९५४ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातही प्रमुख स्त्रीभूमिका दुर्गा खोटे यांच्याकडे होती. त्याआधी प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटात ललिता पवारांनी आनंदीबाई रंगवली होती. अभिनेत्रींच्या हाती आल्यावर या पात्राचा दोष पुसला गेला नाही, पण ‘हिला हे का हवे होते’ हा प्रश्न प्रेक्षकापुढे खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला, असे म्हणता येते.

सालबाईच्या तहानंतर (१७८२) रघुनाथरावांना पेन्शन बांधून देण्यात आली आणि येवल्यापलीकडील कोपरगाव येथे डिसेंबर १७८३ मध्ये ते वारले. आनंदीबाईंना धाकटा मुलगा चिमाजी अप्पा त्यानंतर, १७८४ मध्ये झाला. पुढची दहा वर्षे त्यांनी मुलांसह नाना फडणिसांच्या पहाऱ्यात काढली आणि १७९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पोटच्या ज्या मुलाची आस होती, तो त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १७९६ मध्ये, पेशवा झाला.