तोंड किती कोरडं पडतं?

शेक, म्हणजे रेडिएशन, घेतल्यावर कॅन्सरच्या पेशंटचं कसं चाललंय, हे फार वर्षं डॉक्टरच ठरवत आणि डॉक्टरच लिहून ठेवत. न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नोफस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी काढली. १०० म्हणजे काहीच तक्रार नाही, ० म्हणजे मृत्यू, मध्ये दहा-दहाच्या पायऱ्या. ती काढली केमोथेरपीच्या औषधांसाठी. पुढे रेडिएशनवाल्यांनीही उचलली. आजही केसपेपरवर ‘केपीएस ८०’, म्हणजे कार्नोफस्कीच्या पट्टीवर ८०, असं खरडलेलं दिसतं. पट्टी सोयीची होती, पण त्रास एकाचा आणि मार्क देणार दुसरा, ही गोची तिच्यात कायमच राहिली.

ती सोडवायचा एक साधा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. प्रीस्टमन आणि बॉम या डॉक्टरांनी १९७६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांवरचा अभ्यास छापला. कागदावर एक आडवी रेघ. एका टोकाला काहीच त्रास नाही, दुसऱ्या टोकाला भयंकर त्रास. बाईने स्वतः रेघेवर खूण करायची आणि डॉक्टरांनी ती फूटपट्टीने मोजायची. बस्स, एवढंच.

रेघेची प्रश्नावली व्हायला आणखी सतरा वर्षं गेली. युरोपातल्या कॅन्सर संशोधकांच्या ईओआरटीसी या संघटनेतर्फे नील आरनसन आणि मंडळींनी १९९३ मध्ये ३० प्रश्नांचा ‘क्यूएलक्यू-सी३०’ प्रसिद्ध केला. १३ देशांतल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ३०५ पेशंटांवर तो तपासलेला होता. सुरुवातच जड पिशवी उचलायला त्रास होतो का, अशा रोजच्या कामापासून. बहुतेक प्रश्नांना ‘अजिबात नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पर्याय, आणि शेवटी सगळ्याचं गणित ० ते १०० मध्ये. मग त्याला अवयवांनुसार पुरवण्या जोडल्या गेल्या. डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी ३५ प्रश्न, गर्भाशयमुखासाठी २४.

आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट उदंड. त्यामुळे सी३० आणि डोकं-मानेची पुरवणी मराठी-हिंदीत आणून तपासायचं काम परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, यात नवल नाही. देवेंद्र चौकर आणि सहकाऱ्यांचा तो लेख २००५ मध्ये आला. असा कागद नुसता भाषांतरून चालत नाही. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, पुन्हा इंग्रजीत फिरवून बघायचं, मग थोड्या पेशंटांना देऊन कुठे अडखळतात ते पाहायचं, अशी ईओआरटीसीची रीत आहे. तोंड कोरडं पडतं का, लाळ चिकट झाली का, आ वासता येतो का, चव-वास कळतो का, चारचौघांत जेवायला अवघड वाटतं का, हे सगळं त्या पुरवणीत येतं.

कोरड पडण्याचं कारण कानापुढच्या लाळग्रंथी. घशाला किरण देताना त्या वाटेत येतात. मिशिगनमध्ये आइसब्रुख यांच्या गटाने २००६ मध्ये डॉक्टरांची श्रेणी आणि पेशंटची उत्तरं शेजारी ठेवून पाहिली, तर डॉक्टर कोरडेपणा कमीच धरत होते. तोंडात डोकावून चपातीचा घास घशाखाली उतरतोय की नाही, ते कसं दिसणार?

टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात तेजपाल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी ६० पेशंटांत जुनी त्रिमितीय पद्धत आणि किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारी आयएमआरटी अशी तुलना केली. लाळग्रंथींचा मध्यम किंवा जास्त त्रास जुन्या पद्धतीत ८९ टक्क्यांना झाला, नव्या पद्धतीत ५९. हे आकडे डॉक्टरांच्या श्रेणीचे. पेशंटांनी भरलेल्या प्रश्नावल्यांचा लेख २०१३ मध्ये वेगळा आला, आणि कोरड्या तोंडाच्या, चिकट लाळेच्या बाबतीत त्यांचाही कौल आयएमआरटीलाच होता.

बायकांच्या बाबतीत हेच टाटाच्या ‘पार्सर’ चाचणीत दिसलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळे गर्भाशय काढल्यावर रिकाम्या जागेत आतडं खाली उतरतं आणि ओटीपोटाला दिलेले किरण त्यालाही लागतात. सुप्रिया चोप्रा यांच्या गटाने २०११ ते २०१९ या काळात ३०० बायकांना या चाचणीत घेतलं. निम्म्यांना साधी त्रिमितीय पद्धत, निम्म्यांना आधी प्रतिमा पाहून दिलेली आयएमआरटी. तीन वर्षांत आतड्याचा लक्षणीय त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, दुसऱ्यात २१.१. आणि बायकांच्या स्वतःच्या उत्तरांतही जुलाब कमी, भूक चांगली.

हा फरक मुलुंड-घाटकोपरच्या बाईला वेगळा सांगावा लागत नाही. रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे, सकाळी निघायचं. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं खरं, पण लोकलला संडास नाही. सी३० मध्ये जुलाबाबद्दल एक प्रश्न आहे, पैशाच्या ओढाताणीबद्दल एक. जायच्या-यायच्या हालांबद्दल एकही नाही. शिवाय वाचता न येणाऱ्या पेशंटला कुणीतरी प्रश्न वाचून दाखवावा लागतो, आणि तो ‘कुणीतरी’ बऱ्याचदा घरचाच असतो. गर्भाशयमुखाच्या पुरवणीत शरीरसंबंधांचेही प्रश्न आहेत. सासू शेजारी बसलेली असताना सून त्यांची काय उत्तरं देणार? त्यापेक्षा एखाद्या नर्सने पडद्याआड बसून ते विचारलेले बरे.