माथ्यावरचे नाव पुन्हा उजळताना : घरगुती आर्केड यंत्र आणि बदलता एलईडी फलक

व्हिडिओ गेम पार्लरच्या अंधाऱ्या दालनात शिरणाऱ्याला सर्वप्रथम दिसे तो यंत्राच्या माथ्यावरचा प्रकाशित नामफलक. पडदा जवळ गेल्यावर दिसे. नाव मात्र दारातूनच वाचता येई. अर्धपारदर्शक प्लास्टिकवर छापलेले खेळाचे नाव व चित्र आणि त्यामागे एक साधी ट्यूबलाइट, एवढीच त्याची रचना. चित्रपटगृहाच्या प्रवेशद्वारावरील पाटीचा ‘मार्की’ हा इंग्रजी शब्द या फलकालाही लागू झाला. गेल्या काही वर्षांत हौशी मंडळी घरच्या घरी अशी यंत्रे उभारू लागली आहेत. त्यांत शेकडो खेळ मावतात. परंतु माथ्यावर नाव कोणाचे लावायचे, हा प्रश्न उरतोच. खेळागणिक आपोआप बदलणारा एलईडी फलक हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

एक यंत्र, एक खेळ

नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमची सुरुवात अमेरिकेत १९७१ मधील ‘कॉम्प्युटर स्पेस’ या खेळाने झाली. १९७२ मध्ये अटारी कंपनीच्या ‘पाँग’ने त्याला लोकप्रियता मिळवून दिली. १९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तयार केला आणि या व्यवसायाचे रूपच पालटले. या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान होती. एका कपाटात एकच खेळ असे आणि कपाटावर त्याचेच नाव असे.

या नावाचे महत्त्व किती होते, हे ‘पॅक-मॅन’च्या उदाहरणावरून कळते. तोरू इवातानी यांनी नामको कंपनीसाठी रचलेला हा खेळ १९८० मध्ये जपानात ‘पक मॅन’ या नावाने आला. अमेरिकेत पाठविताना मात्र, यंत्रावरील पहिल्या अक्षरात कोणी खोडसाळपणे फेरफार करून अपशब्द तयार करील, या भीतीने त्याचे नाव बदलण्यात आले. यंत्रावर रंगविलेले एक अक्षर साऱ्या जगात रूढ होणारे नाव ठरविण्यास कारणीभूत झाले.

पुढे १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ ही ५६ पिनांची जोडणी प्रमाणित केली. कपाट तेच ठेवून आतील सर्किट बोर्ड तेवढा बदलणे त्यामुळे सोपे झाले. मालकाचा खर्च वाचला; पण माथ्यावर एका खेळाचे नाव आणि पडद्यावर दुसराच खेळ, असा प्रकारही सुरू झाला. कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ भारतात त्यातील एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणून ओळखला गेला. मूळ नाव ठाऊक नसलेल्या मुलांच्या एका पिढीने त्याचे बारसे परस्पर उरकून टाकले.

घरगुती यंत्राचा पाया

आज एकाच यंत्रात अनेक जुने खेळ चालविता येतात, याचे मोठे श्रेय ‘मेम’ या संगणक प्रणालीला जाते. इटलीचे निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रांतील चिप कशा चालत, याची हुबेहूब नक्कल ही प्रणाली संगणकावर करते. मूळ यंत्रे नादुरुस्त होऊन भंगारात जात असताना त्यांच्या रचनेची नोंद टिकवून ठेवणे हा तिचा घोषित हेतू आहे. २०१६ पासून ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. २०१२ मध्ये पत्त्याच्या कॅटएवढा ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त संगणक बाजारात आला आणि हा छंद सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला.

सांगाडा : माप फलकाचे, मग कपाटाचे

बहुतेक जण आधी कपाट करतात व शेवटी फलकाचा विचार करतात. क्रम उलटा असावा. एलईडी पॅनेल ठरावीक मापातच मिळतात आणि ती कापता येत नाहीत. दोन ठिपक्यांमधील अंतरावरून त्यांचे नाव पडते. ‘पी-४’ म्हणजे ४ मिलिमीटर अंतर. ६४ गुणिले ३२ ठिपक्यांचे पी-४ पॅनेल २५६ मिलिमीटर रुंद व १२८ मिलिमीटर उंच भरते. अशी दोन शेजारी शेजारी लावली, की १२८ गुणिले ३२ ठिपक्यांचा व ५१२ मिलिमीटर रुंदीचा फलक तयार होतो. १९९० च्या दशकातील अनेक पिनबॉल यंत्रांवरील नारिंगी ठिपक्यांच्या पडद्याचे प्रमाणही नेमके १२८ गुणिले ३२ हेच होते.

१८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या दोन बाजू धरून कपाटाची बाहेरची रुंदी ५६० मिलिमीटर ठेवली, तर आत ५२४ मिलिमीटर जागा मिळते व फलक दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवून बसतो. मात्र याच कपाटात २४ इंची रुंद मॉनिटर बसणार नाही, कारण त्याचा नुसता दृश्य भागच सुमारे ५३१ मिलिमीटर असतो. २२ इंची रुंद किंवा १९ इंची जुन्या प्रमाणाचा मॉनिटर येथे योग्य. मोठाच पडदा हवा असल्यास पी-५ पॅनेल घ्यावीत. त्यांची जोडी ६४० मिलिमीटर रुंद होते.

प्लायला सनमायका आणि कडांना एजबँडची पट्टी लावल्यास काम टिकाऊ होते. बटणांचा तक्ता जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावा. जपानी पद्धतीच्या मुख्य बटणांसाठी ३० मिलिमीटरचे, तर अमेरिकी पद्धतीच्या बटणांसाठी सुमारे २८ मिलिमीटरचे छिद्र लागते. बटणे हाती आल्यावरच सुताराला छिद्रे पाडण्यास सांगावे.

पडदा आणि नियंत्रणे

‘स्पेस इन्व्हेडर्स’, ‘पॅक-मॅन’, ‘डाँकी काँग’ हे खेळ उभ्या पडद्यासाठी, तर १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर २’ आडव्या पडद्यासाठी रचलेला आहे. आडव्या मॉनिटरवर उभा खेळ मध्यभागी एका अरुंद पट्टीत दिसतो. कोणते खेळ अधिक खेळले जाणार, हे आधी ठरवावे. ‘पॅक-मॅन’साठी दांडा चारच दिशांना फिरणारा हवा, आठ दिशांच्या दांड्याने वळणांवर चुका होतात. ‘स्ट्रीट फायटर २’ला मात्र आठ दिशा व सहा बटणे लागतात. दांड्याच्या तळाशी असलेली चकती फिरवून चार किंवा आठ दिशा निवडता येतील, असे दांडे मिळतात. दांडा व बटणे यूएसबी एन्कोडर नावाच्या छोट्या बोर्डाला जोडली, की संगणकाला ती गेमपॅडसारखी दिसतात.

फलकाचे तंत्र

डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. निळ्या एलईडीसाठी मात्र पुढची तीन दशके जावी लागली. त्या कामगिरीबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा व निळा एकत्र आल्यावरच रंगीत फलक शक्य झाला. १२८ गुणिले ३२ च्या फलकात ४०९६ ठिपके आणि प्रत्येकात तीन, म्हणजे एकूण १२,२८८ एलईडी असतात.

हे सर्व एलईडी एकाच क्षणी पेटत नाहीत. ३२ ओळींच्या पॅनेलमध्ये सहसा एका वेळी दोनच ओळी उजळतात आणि हे चक्र इतक्या वेगाने फिरते, की डोळ्याला सलग चित्र दिसते. हे चक्र सतत फिरवीत राहण्याचे काम संगणकाचे आहे. ‘हब-७५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीत रंगांच्या सहा, ओळ निवडण्याच्या चार आणि नियंत्रणाच्या तीन अशा १३ वाहिन्या असतात. रास्पबेरी पायच्या पिनांवर ३.३ व्होल्टचा संकेत असतो, तर पॅनेल ५ व्होल्टच्या संकेतावर चालते. म्हणून मध्ये संकेताचा दाब वाढविणारा छोटा बोर्ड बसवावा. तो नसल्यास ठिपके लुकलुकतात किंवा भलतेच रंग उमटतात.

फलकासाठी वेगळा रास्पबेरी पाय ठेवणे शहाणपणाचे ठरते. हेन्नर झेलर यांनी लिहिलेली व सर्वाधिक वापरली जाणारी मुक्त प्रणाली पायमधील ज्या यंत्रणेचा वेळ मोजण्यासाठी उपयोग करते, तीच अंगभूत आवाजासाठीही वापरली जाते. एकाच संगणकावर दोन्ही कामे लादली, तर आवाज तरी बंद ठेवावा लागतो किंवा चित्र तरी थरथरते. पाय ५ मधील पिनांची अंतर्गत रचना वेगळी असल्याने फलकासाठी पाय ३ किंवा ४ घेणे सोयीचे.

दुकानांच्या पाट्यांसाठी अशीच पॅनेल वापरली जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोड व पुण्यात तपकीर गल्ली ही अशा साहित्याच्या शोधाची नेहमीची ठिकाणे. घरासाठी इनडोअर प्रकारचेच पॅनेल घ्यावे. रस्त्यावरच्या पाटीचे पॅनेल खोलीत डोळे दिपविते. पॅनेलसमोर ३ मिलिमीटरचे धुरकट काळे अॅक्रिलिक बसविल्यास प्रखरता कमी होते व फलक बंद असताना आतील वायरी दिसत नाहीत.

विजेशी खेळ नको

पूर्ण पांढरा प्रकाश असताना ६४ गुणिले ३२ चे एक पॅनेल ५ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर, म्हणजे जोडी सुमारे ८ अँपिअर प्रवाह घेऊ शकते. हा प्रवाह रास्पबेरी पायमधून कधीही नेऊ नये. ५ व्होल्ट, १० अँपिअरचा स्वतंत्र एसएमपीएस घ्यावा, प्रत्येक पॅनेलला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर न्यावी व सर्व उपकरणांचे ऋण टोक एकमेकांशी जोडावे. वायर बारीक असल्यास ती तापते. शिवाय दाब घटल्यामुळे निळा रंग आधी मंदावतो आणि पांढरे चित्र तांबूस दिसू लागते. असा रंग दिसणे ही धोक्याची सूचना समजावी. भिंतीतील २३० व्होल्टच्या जोडणीला अर्थिंग व फ्यूज हवाच, आणि लाकडी कपाटाच्या पाठीमागे हवा खेळण्यास जाळी हवी.

जुना काचेचा ट्यूब मॉनिटर वापरण्याचा मोह अनेकांना होतो. त्याच्या ट्यूबवर हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. असा मॉनिटर प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणी उघडू नये.

नाव बदलते कसे?

रेट्रोपायसारख्या प्रणालीत खेळ सुरू होताना एक छोटी आज्ञावली आपोआप चालविण्याची सोय असते. कोणत्या यंत्राचा कोणता खेळ सुरू झाला, हे तिला कळविले जाते. ती आज्ञावली खेळाच्या फाइलचे नाव घरातील नेटवर्कवरून फलकाच्या संगणकाला पाठविते; तो त्याच नावाचे चित्र शोधून दाखवितो. खेळ संपला, की घराण्याचे बोधचिन्ह किंवा घड्याळ दाखवावे.

येथे नावाची गंमत पुन्हा सामोरी येते. मेममध्ये ‘पॅक-मॅन’चा मूळ जपानी संच आजही ‘पकमॅन’ याच नावाने नोंदलेला असून ‘पॅकमॅन’ ही त्याची अमेरिकी आवृत्ती आहे. चित्राचे नाव एक आणि फाइलचे दुसरे असेल, तर फलक कोराच राहतो. भारतीयांचा ‘मुस्तफा’ तर तेथे ‘डिनो’ म्हणून सापडतो.

मूळ फलकांची छायाचित्रे ३२ ओळींत बसविली, की चित्राचा चिखल होतो. ठळक अक्षरे, मोजके रंग व काळी पार्श्वभूमी घेऊन चित्र नव्याने ठिपक्याठिपक्याने काढणे हाच खरा मार्ग. ‘मुस्तफा’ असे देवनागरीत झळकविण्याची हौस असणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्रणालीची मजकूर लिहिण्याची सोय एकेक चिन्ह सुटे उमटविते. त्यामुळे जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. मजकूर आधी चित्र म्हणून तयार करून तेच चित्र फलकावर पाठवावे.

हक्क आणि जबाबदारी

मेम मुक्त आहे, खेळ मुक्त नाहीत. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रणालीचा समावेश साहित्यकृतीत होतो आणि हे खेळ जुने झाले, तरी त्यांवरील हक्क संपलेले नाहीत. ‘ग्रिडली’, ‘रॉबी रोटो’ यांसारखे मोजके खेळ हक्कधारकांच्या अनुमतीने अव्यावसायिक वापरासाठी मोफत उपलब्ध आहेत. कॅपकॉम, अटारी आदी कंपन्यांनी आपले जुने खेळ संग्रहरूपाने विक्रीस ठेवले आहेत. अशा यंत्रावर पैसे घेऊन इतरांना खेळू देणे हा तर वेगळाच, अधिक गंभीर प्रकार ठरतो.

दुसरी जबाबदारी जुन्या यंत्रांबाबतची आहे. कोणाच्या अडगळीत मूळ आर्केड यंत्र सापडल्यास त्याचे पोट रिकामे करून नवे सामान भरू नये. प्लायवूड पुन्हा मिळेल; त्या काळी छापलेला फलक, कपाटाच्या बाजूंवरील चित्रे व मूळ बोर्ड पुन्हा मिळणार नाहीत. दुरुस्ती शक्य नसेल, तर निदान सर्व भागांची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवावीत. एलईडी फलकावर चित्र काढणाऱ्यालाही पुढे त्यांचाच आधार घ्यावा लागतो.

एका यंत्रात शेकडो खेळ कोंबले, की ते सारे एका यादीतील ओळी होऊन बसतात. खेळ निवडताच माथ्यावर त्याचे नाव उजळणे, ही म्हणून केवळ रोषणाई नव्हे. कोणीतरी कधीतरी रचलेल्या एका विशिष्ट खेळाला, तो चालू असेपर्यंत तरी, त्याचे स्वतःचे यंत्र परत मिळते.