जाधवराव, लखुजी (सिंदखेडकर) : कुटुंब व सोयरिकी

लखुजी विठोजी जाधवराव (मृत्यू २५ जुलै १६२९). निजामशाहीतील मातबर मराठा सरदार, सिंदखेडचे (जि. बुलढाणा) देशमुख, जिजाबाईंचे वडील आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा. घराणे आपले मूळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेते. लष्करी कारकिर्दीसाठी पाहा : निजामशाही, भातवडीची लढाई.

पत्नी व अपत्ये : मराठी परंपरेत पत्नीचे नाव म्हाळसाबाई, तर फार्सी साधनांत गिरजाई असे येते. दोन्ही नावे एकाच स्त्रीची, असे सामान्यतः मानतात. मुलगे दत्ताजी, अचलोजी, राघोजी व बहादुरजी. कन्या जिजाबाई, जन्म सिंदखेड येथे, रूढ तारीख १२ जानेवारी १५९८.

भोसल्यांशी सोयरीक : जिजाबाईंचा विवाह वेरूळचे मालोजी भोसले यांचे पुत्र शहाजी यांच्याशी झाला. साल रूढ मतानुसार १६०५, काहींच्या मते चार-पाच वर्षे पुढचे. रंगपंचमीला लखुजींनी दोन्ही मुलांकडे पाहून थट्टेने ‘जोडा शोभतो’ म्हणावे, मालोजींनी भर बैठकीत तोच शब्द धरून मागणी घालावी आणि जाधवांच्या घरून नकार यावा, ही कथा बखरींतली. इतिहासकार ग्रँट डफने ती उचलली आणि पुढे ती शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली. शिवाजी महाराजांच्या हयातीत रचलेल्या ‘शिवभारता’त हा प्रसंग नाही, तिथे जाधवराव आपणहून कन्या देतात. समकालीन काव्याची साक्ष उशिराच्या बखरीपेक्षा वजनदार धरावी. शिवाय भोसले काही उपरे नव्हते : मालोजींची पत्नी फलटणच्या नाईक-निंबाळकरांची लेक होती.

सोयरीक झाली, तरी दोन्ही घरांत रक्त सांडायचे राहिले नाही. निजामशहाचा दरबार सुटून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि वाटेतली माणसे तुडवू लागला. दत्ताजी जाधव हत्तीवर तुटून पडले. खंडागळ्यांच्या मदतीला शहाजींचे चुलतभाऊ, विठोजी भोसल्यांचे मुलगे, धावले. त्यांतल्या संभाजी भोसल्यांच्या हातून दत्ताजी पडले. ते कळताच लखुजी मागे फिरले आणि त्यांनी संभाजींना ठार केले. जखमी झालेल्यांत खुद्द जावई शहाजी होते. हा प्रसंग साधारण १६२३ चा मानतात. पुढच्याच वर्षी भातवडीच्या लढाईत जाधव मोगलांकडून, तर शहाजी निजामशाहीकडून उभे होते. याला केवळ वैर म्हणणे पुरेसे नाही. वतन राखायचे तर घरातली माणसे वेगवेगळ्या दरबारांत असणे त्या काळी अनेक देशमुखांना सोयीचेच होते.

दौलताबादची हत्या : २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत निजामशहाच्या हुकमाने, निजामशाहीत परतलेले लखुजी, अचलोजी, राघोजी आणि दत्ताजींचा मुलगा यशवंतराव यांची दगा करून हत्या झाली. एकाच दिवशी तीन पिढ्या कापल्या गेल्या. अशा वेळी गिरजाईंनी दीर जगदेवराव व मुलगा बहादुरजी यांच्यासह सिंदखेड गाठले. पुढे या मंडळींना मोगल दरबारातून मनसबी मिळाल्या आणि वतन वाचले. लखुजींच्या मोहिमांवर पाने खर्च होतात. या बाईवर दोन ओळींपलीकडे कुणी लिहीत नाही. घराणे टिकले ते तिच्या हिंमतीवर, हे नोंदवलेच पाहिजे. निजामशाहीला मात्र ही हत्या भोवली. शहाजींनीही तिची चाकरी सोडली. १६३१ मध्ये कंधार, १६३३ मध्ये दौलताबाद, १६३६ मध्ये उदगीर आणि औसा असे किल्ले मोगलांच्या हाती गेले.

हत्येनंतरच्या धामधुमीत जिजाबाई शिवनेरीवर होत्या, त्यामागेही सोयरीकच : त्यांचा थोरला मुलगा संभाजी याचे लग्न गडावरील विजयराज यांची कन्या जयंती हिच्याशी झाले होते. शिवाजी महाराजांचा जन्म तिथेच झाला.

पुढील सोयरिकी : शिवाजी महाराजांच्या राणी काशीबाई सिंदखेडकर जाधवांच्या घराण्यातल्या. औरंगजेबाच्या छावणीत महाराजांचे नातू शाहू यांची लग्ने झाली, त्यांतली एक वधू रुस्तुमराव जाधवांची मुलगी.

वंश : परंपरागत वंशावळीनुसार अचलोजींचे पुत्र संताजी, त्यांचे शंभुसिंह आणि शंभुसिंहांचे सेनापती धनाजी जाधव. हत्येनंतर संताजींना जिजाबाईंनी सांभाळले, असे सांगतात.

जगदेवरावांची शाखा : देऊळगाव राजा.

समाधी : सिंदखेड राजा येथे घुमटाकार, दगडी. तिच्या परिसरात २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कामात शिवमंदिराचे अवशेष व शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली.