बांध, कुंपण आणि भिंत : घोटावडे परिसरातील हद्दविषयक नियमांचा तुलनात्मक आढावा

प्रस्तावना

कुंपण ही सामान्यतः खाजगी मालकीची खूण मानली जाते. तथापि ग्रामीण महाराष्ट्रात हद्द ही दीर्घकाळ दोन शेजाऱ्यांची सामाईक बाब राहिली आहे. मुळशी तालुक्यातील घोटावडे हे गाव पुणे-पौड रस्त्यावरील घोटावडे फाट्याच्या उत्तरेस वसले आहे. पुणे आणि हिंजवडी यांच्या विस्तारामुळे या पट्ट्यात शेती, गावठाण व बिगरशेती भूखंड एकमेकांना लागून आले. या तिन्ही ठिकाणी हद्दीचे नियम भिन्न आहेत. त्या भिन्नतेचा ऐतिहासिक परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

हद्दीची पूर्वपीठिका

मराठा काळात शिवेचा तंटा गोतसभेपुढे येई व निवाडा महजरात नोंदविला जाई. शीव राखणाऱ्या महार वतनदाराच्या साक्षीस त्यात विशेष वजन असे. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर भागात सुरू केलेल्या पाहणीतून सर्वे नंबरची पद्धत रूढ झाली आणि गावाच्या स्मरणात असलेली हद्द कागदावर आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने सीमाचिन्हांच्या देखभालीची जबाबदारी जमीनधारकावर ठेवली व त्यांची नासधूस दंडनीय ठरविली. बांध कोरणे हा केवळ शेजाऱ्याचा अपराध न राहता शासनाच्या नोंदीस धक्का ठरला.

गावठाणातील भिंत

गावठाणात घराला घर लागून असल्याने कुंपणापेक्षा सामाईक भिंत व खिडकी हेच वादाचे विषय होत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ हा मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. शेजाऱ्याच्या खाजगीपणास बाध आणणारी नवी खिडकी उघडण्यास स्थानिक रूढीने मनाई असू शकते, हे त्याच्या कलम १८ मधील उदाहरणातून स्पष्ट होते. गुजरातेतील अशी रूढी मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच मान्य केली होती. अन्यत्र मात्र रूढी सिद्ध करण्याचा भार दावेदारावर राहिला. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ मध्ये बांधकामावरील नियंत्रण आणि कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे यांची तरतूद आहे.

शेजारच्या गावांशी तुलना

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना २०१५ मध्ये झाली व घोटावडे त्याच्या क्षेत्रात आले. याच तालुक्यातील सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही गावे जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. परवानगी देणारी संस्था वेगळी असली तरी डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली दोन्हीकडे लागू आहे. तीनुसार आवारभिंतीची उंची सामान्यतः १.५ मीटर असते, वरचा ०.९ मीटर भाग जाळीसारखा खुला ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत मुभा आहे. कोपऱ्यावरील भूखंडास ही मर्यादा अधिक कडक आहे. हिंजवडीच्या औद्योगिक क्षेत्रात मात्र महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हे नियोजन प्राधिकरण आहे.

विश्लेषण

उंचीचा नियम मुख्यतः रस्त्याचा विचार करतो: वळणावर वाहनचालकास समोरचे दिसावे, हा कोपऱ्यावरील मर्यादेचा उद्देश आहे. भिंतीमागील शेतकऱ्याच्या वाटेचा विचार त्यात नाही. याउलट संहितेच्या कलम १४३ अन्वये तहसीलदार बांधावरील वहिवाटीचा दावा ठरविताना शेतकऱ्याच्या वाजवी मार्गाची गरज लक्षात घेतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये वाटेतील अडथळाही दूर करता येतो. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. भूखंडाभोवती भिंत उभी राहते तेव्हा ती उंचीच्या नियमात बसूनही मागील शेताची वाट बंद करू शकते.

निष्कर्ष

घोटावडे परिसरात गावोगावच्या नियमांतील फरकापेक्षा एकाच गावातील शेत व भूखंड यांच्या नियमांतील अंतर अधिक महत्त्वाचे आहे. बांधाच्या कायद्यात शेजारी आहे, भिंतीच्या नियमावलीत तो जवळजवळ नाही. आवारभिंतीस परवानगी देण्यापूर्वी बांधावरील वहिवाटीची नोंद तपासली गेल्यास हे अंतर काही अंशी भरून निघेल.