आठ बाइटांची लबाडी

नव्वदच्या दशकात कल्याण-डोंबिवलीत गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले. शिकायचं ‘डॉस’, पण सर चहाला गेले की पडद्यावर यायचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली आणलेला हा खेळ. तळघरातून निघून, एकामागून एक १२ टप्पे ओलांडून राजकन्येला सोडवायचं, तेही ६० मिनिटांत. डोंबिवलीहून व्हीटी गाठायला साधारण तेवढाच वेळ लागायचा!

तिसऱ्या टप्प्यापासून खेळ जतन करता येई. त्याची फाइल अवघी आठ बाइटांची. उरलेला वेळ, टप्पा आणि राजपुत्राची ताकद, एवढीच त्यात नोंद. ती उघडून आकडे कसे बदलायचे, हे क्लासातल्या एका मोठ्या मुलाने आम्हाला दाखवलं होतं.

एकदा मी सातव्या टप्प्यावर असताना वीज गेली. जतन करायचं राहून गेलं होतं. सगळी मेहनत पाण्यात. दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडून मिनिटं वाढवली. ही नुकसानभरपाईच, असं मनाला समजावलं. मग हात थांबेना. टप्प्याचा आकडाही बदलून थेट शेवटाजवळ गेलो आणि क्लासात सांगून टाकलं, ‘सोडवली राजकन्या!’

महिनाभर प्रामाणिकपणे झटणाऱ्या मित्राने एवढंच विचारलं, ‘आठव्या टप्प्यावर उंदीर आला का रे?’ मी म्हणालो, ‘कुठला उंदीर?’ तो काही बोलला नाही. त्या टप्प्यावर राजपुत्र दाराआड अडकतो आणि राजकन्येने पाठवलेला उंदीर येऊन दार उघडतो. मला ते ठाऊकच नव्हतं.

हा मोह काही डोंबिवलीतच जन्मला नाही. १९८१ साली आलेल्या ‘विझार्ड्री’ या खेळातल्या पात्रांची ताकद वाढवून देणारे प्रोग्रॅम लगेच विकायला आले. ते वापरू नका, खेळाचा जपून साधलेला तोल बिघडेल, अशी खेळ काढणाऱ्या सरटेक कंपनीला गिऱ्हाइकांची विनवणी करावी लागली. पुढे चालू खेळातले आकडे बदलणाऱ्या ‘गेम जिनी’ या उपकरणावरून निन्टेन्डो आणि गलूब या कंपन्यांत कज्जा झाला. १९९२ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने गलूबच्या बाजूने कौल दिला. घरी बसून आपला खेळ आपल्या मनाप्रमाणे खेळणं हा कॉपीराइटचा भंग नव्हे, असा त्याचा मथितार्थ. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता खेळ चालू असताना स्मृतीतले आकडे तात्पुरते बदलणं हाही भंग नाही, असं युरोपीय न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सोनीच्या दाव्यात सांगितलं.

तेव्हा कायद्याचं बोट माझ्याकडे नाही. एकट्याच्या खेळात प्रतिस्पर्धीही नसतो. पेशन्स लावताना आजी हळूच एखादं पान उलटून बघायची, तिला कोण लबाड म्हणेल? विजेने नेलेली मिनिटं मी परत घेतली, याचंही मला आज वाईट वाटत नाही. पण न चाललेली वाट चाललो म्हणून सांगितली, तिथे मी एकटा उरलो नव्हतो. खरोखर झटणाऱ्या मित्राच्या महिनाभराच्या कष्टांची किंमत मी त्या एका वाक्याने कमी केली होती.

शिवाय माझा उंदीर हुकला तो हुकलाच. पुढे तो टप्पा मी रीतसर खेळलो. उंदीर आला, दार उघडलं. पण तो येणार हे मला आधीच ठाऊक होतं.