स्किपचं बटण आणि मजुरीचा हिशोब

हुपरीहून बोलतोय. मागं ठोकाठोकीचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आमच्या गल्लीत दिवसभर चांदीचंच काम चालतं, ते माझ्या रेकॉर्डिंगसाठी थांबत नाही.

आजचा विषय मला आमच्या काकींनी दिला. दुपारी त्या पैंजणाच्या कड्या जोडत बसतात. फोन भिंतीला टेकवलेला आणि त्यावर कीर्तन. परवा कीर्तन ऐन रंगात आलं आणि मधेच कर्ज देणाऱ्या कुठल्यातरी ॲपची जाहिरात किंचाळायला लागली. काकींच्या एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात कडी. त्यांनी मला हाक मारली, "अरं, तेवढी ती जाहिरात घालव की!"

मी गेलो, स्किप दाबलं, परत आलो. आणि खुर्चीत बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली. तेच कीर्तन मी माझ्या लॅपटॉपवर लावलं असतं, तर जाहिरात आलीच नसती. कारण माझ्याकडं ॲड ब्लॉकर आहे. म्हणजे कीर्तन एकच, घर एकच, वायफाय एकच. पण काकी त्या कीर्तनाची किंमत मोजतात आणि मी मोजत नाही. मग हा हिशोब मुळात लागला कसा? चला, थोडं मागं जाऊ.

सुरुवात जवळूनच करू. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथं लोखंडी नांगर बनायचे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं मुखपत्र म्हणून ते निघालं आणि वाढत वाढत 'किर्लोस्कर' हे मराठीतलं मोठं मासिक झालं. १९३० ला 'स्त्री' आलं, १९३४ ला 'मनोहर'. म्हणजे बघा, मालाची ओळख करून द्यायला निघालेला कागद लोक वर्गणी भरून वाचायला लागले. त्या काळच्या मासिकांचा संसार दोन पायांवर चालायचा, वाचकाची वर्गणी आणि जाहिरातदाराचे पैसे. आणि जाहिरात नको असेल तर वाचक काय करायचा? पान उलटायचा. तेच पहिलं स्किप. त्यावरून भांडण झालं नाही, कारण पान उलटलं की नाही हे संपादकाला कळायचंच नाही.

मग आला रेडिओ. आज ऐकून गंमत वाटेल, पण घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची, पुस्तकात नोंद करून घ्यायची. म्हणजे तेही सबस्क्रिप्शनच, फक्त घेणारं सरकार. बदल्यात आकाशवाणीवर जाहिराती नव्हत्या.

पण १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपला मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भोक्ता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चे नाही काढले. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. तिथं १९५२ लाच 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती, अमीन सयानींच्या आवाजात, टूथपेस्टच्या पैशावर. फी भरून घेतलेला बिनजाहिरातीचा रेडिओ बाजूला ठेवून लोक जाहिरातीचा कार्यक्रम ऐकत बसले. कारण गाणी तिथं होती.

हा मुद्दा लक्षात ठेवा. जाहिरात आहे म्हणून लोक पळत नाहीत. आवडीची गोष्ट मिळणार असेल तर लोक जाहिरात आनंदानं ऐकतात.

सरकारलाही हे कळलं. १९५७ मध्ये विविध भारती आली आणि १९६७ मध्ये तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. सुरुवात कुठून? मुंबई, पुणे आणि नागपूर. टीव्हीचंही तसंच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका नूडल्सच्या कंपनीनं प्रायोजित केली. ऐंशीच्या दशकातच रेडिओ-टीव्हीचं घरगुती लायसन्स बंद झालं. लोकांना वाटलं, फुकट झालं. फुकट काही झालं नव्हतं. फक्त पैशाऐवजी वेळ घ्यायला सुरुवात झाली होती.

नव्वदीत केबल आली आणि गणित आणखी बिघडलं. केबलवाल्याला महिन्याचे पैसेही द्यायचे आणि जाहिरातीही बघायच्या. तासाला १२ मिनिटं जाहिरात हा नियम कागदावर आला तो पुढं २००६ मध्ये. म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे.

आता पळवाटांचा इतिहास. टीव्हीच्या रिमोटचा जन्मच जाहिरातीच्या वैतागातून झालाय. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिराती अजिबात सहन व्हायच्या नाहीत. १९५५ मध्ये त्यांच्या कंपनीनं बंदुकीच्या आकाराचा एक रिमोट काढला. टीव्हीच्या कोपऱ्यावर त्याचा उजेड मारला की आवाज बंद! पुढं घरोघरी व्हीसीआर आले, तेव्हा स्टुडिओवाले थेट कोर्टात गेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, घरी कार्यक्रम टेप करून नंतर बघणं हा गुन्हा नाही.

इंटरनेटवर तीच गोष्ट २००२ मध्ये घडली. हेन्रिक ओस्टेड सोरेन्सन नावाच्या डेन्मार्कच्या विद्यार्थ्यानं ब्राउझरसाठी ॲडब्लॉक लिहिलं. पुढं २००६ मध्ये व्लादिमिर पालांटनं ॲडब्लॉक प्लस आणलं. याचं काम कसं चालतं? दारात एक वॉचमन उभा करायचा आणि त्याच्या हातात यादी द्यायची. जाहिरात पाठवणाऱ्यांचे पत्ते त्या यादीत असतात. पान उघडताना त्या पत्त्यावरून काही आलं की वॉचमन आत सोडत नाही. जर्मनीतल्या एका मोठ्या प्रकाशनानं याविरुद्ध दावा लावला. २०१८ मध्ये तिथलं सर्वोच्च दिवाणी न्यायालय म्हणालं, ॲड ब्लॉकर बेकायदा नाही.

यूट्यूबचा मार्ग आधी गोडीगुलाबीचा होता. २०१० च्या शेवटी पाच सेकंदांनंतर स्किप करता येणारी जाहिरात आली. मग २०१५ मध्ये अमेरिकेत पैसे भरून जाहिरातमुक्त यूट्यूब. भारतात प्रीमियम मार्च २०१९ मध्ये आलं, महिना १२९ रुपये. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे १४९ झाले. मधे २०२३ मध्ये गोडी संपली. ॲड ब्लॉकर दिसला की सूचना यायला लागली. ब्लॉकर बंद करा नाहीतर प्रीमियम घ्या, तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद.

इथं मी जरा थांबतो, कारण आता मजुरीची गोष्ट सांगायची आहे.

हुपरीत चांदीचा भाव पोरासोरांना तोंडपाठ असतो. व्यापारी चांदी देतो, कारागीर दागिना करून देतो. चांदीचं वजन चोख मोजलं जातं, त्यावर कुणी वाद घालत नाही. घासाघीस होते ती मजुरीवर. गिऱ्हाईकाला पैंजणात चांदी दिसते, जोडलेल्या शेकडो कड्या दिसत नाहीत.

व्हिडिओचंही असंच आहे. नेट पॅकचे पैसे आपण न कुरकुरता भरतो. ती झाली चांदी. पण व्हिडिओ करणाऱ्याची मजुरी कुठून येते? यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीचे ५५ टक्के व्हिडिओ करणाऱ्याला मिळतात. प्रीमियमवाल्यानं बघितलं तर त्याच्या पैशातला वाटा बघितलेल्या वेळेप्रमाणं मिळतो. आणि ॲड ब्लॉकर लावून बघितलं तर? शून्य. म्हणजे मी लॅपटॉपवर जे कीर्तन ऐकलं असतं, त्यात त्या बुवांची, त्यांच्या पखवाजवाल्याची, शूटिंग करणाऱ्या पोराची मजुरी मी बुडवली असती. मी, ज्याच्या घरात मजुरीवरच चूल पेटते.

आता दुसरी बाजू, कारण ती पण खरी आहे. सगळ्या जाहिराती साध्या नसतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनंच लोकांना सांगितलं की, सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा, कारण नामांकित कंपन्यांच्या नावानं खोट्या जाहिराती देऊन लोकांना लुबाडलं जातंय. ज्या माणसाला कर्जाच्या ॲपमधली मेख ओळखता येत नाही, त्याच्या दारात वॉचमन उभा राहिला तर त्याला चोर कसं म्हणायचं?

पण गोम इथंच आहे. ज्यांना वॉचमन सगळ्यात जास्त हवा, त्यांच्याकडंच तो नाही. ॲड ब्लॉकर मुख्यतः कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये बसतो. फोनमधल्या ॲपमध्ये असं एक्स्टेन्शन बसवताच येत नाही. म्हणजे लॅपटॉपवाला जाहिरात चुकवतो, ऐपतवाला १४९ भरून चुकवतो आणि उरलेले सगळे बघतात. त्यातही ज्याचे हात मोकळे आहेत तो पाच सेकंदांत सुटतो. ज्याचे हात कामात आहेत त्याला ती पूर्ण ऐकावी लागते. रेडिओच्या काळात जाहिरात सगळ्यांना सारखी ऐकू यायची. आता ती ज्याला चुकवता येत नाही त्याच्या वाट्याला जास्त येते.

मी काकींना विचारलं, महिना १४९ भरूया का? त्या म्हणाल्या, "कशाला? जाहिरात लागली म्हणून माझा हात थांबतोय व्हय? फक्त कीर्तनाच्या मधे नको. आधी लाव म्हणावं, नाहीतर शेवटी लाव."

बघा, त्या फुकट मागत नाहीयेत. किंमत द्यायची तयारी आहे, फक्त ती नीट जागी मागा एवढंच म्हणणं आहे. गीतमाला ऐकणाऱ्यांचं तरी दुसरं काय म्हणणं होतं?

मी काय केलं सांगतो. ब्लॉकर काढून टाकला नाही. पण ज्यांचे व्हिडिओ मी रोज बघतो, त्या चॅनेलांसाठी तो बंद केला. पहिल्या दिवशी वैताग आला, खोटं कशाला बोलू. आणि काकींचा फोन घेऊन कर्जाच्या जाहिरातीवर 'ही दाखवू नका' हा पर्याय दाबून आलो. एवढ्यानं ती पुन्हा येणारच नाही, असं नाही. आली की काकी हाक मारतील, आणि मी उठून जाईन.

तुम्ही पण आज एवढं करा. घरात कुणाचे हात कामात आहेत आणि फोन भिंतीला टेकवलेला आहे, बघा जरा. त्यांच्या वाट्याला काय येतंय ते पाच मिनिटं शेजारी बसून ऐका. भेटू पुढच्या भागात.